उत्तरेकडचा हिवाळा आणि आवडते संगीत: उदास राग ऐकावेत की टाळावेत?

सांजवात (स्टॉकहोम)

डिसेंबरच्या उत्तरार्धात स्टॉकहोममध्ये सूर्य सकाळी पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनला मावळतो. पुण्यात त्या दिवसांत सुमारे ११ तास उजेड असतो. इथे जेमतेम ६, आणि तोही बहुधा ढगांआडून. नोव्हेंबर लागला की इथल्या मराठी मंडळींत एकच सल्ला फिरू लागतो: उत्साही गाणी लावा, घर गाजते ठेवा, मन रमवा. माझे मत नेमके याच्या उलट आहे.

मन मरगळलेले असताना मुद्दाम लावलेली उडती गाणी नुसती कानांवर आदळतात आणि आपण त्यांना साथ देऊ शकत नाही याचीच बोचणी लागते. त्यापेक्षा मारवा, पूरिया, श्री हे संधिप्रकाश राग, म्हणजे तिन्हीसांजेला गायचे राग, अधिक जवळचे वाटतात. मारव्यात पंचम (प) नाही, ऋषभ (रे) कोमल आहे, मध्यम (म) तीव्र आहे, आणि षड्ज (सा) असूनही गवई त्यावर टेकायचे बराच वेळ टाळतो. उस्ताद अमीर खाँ यांचा मारवा ऐकताना ही अधांतरी अवस्था इतक्या संथपणे उलगडत जाते की आपली बेचैनी कोणीतरी आपल्याआधी नीट मांडून ठेवली आहे असे वाटते. मला त्यात दिलासा मिळतो.

कोणता राग कोणत्या वेळी गावा हे ठरवणाऱ्या समयचक्राचा प्रश्नही इथे मजेशीर होतो. मी घड्याळाऐवजी सूर्याचे ऐकतो आणि सुटीच्या दिवशी अडीच वाजताच मारवा लावतो. पुण्यात तिन्हीसांज अर्ध्या तासाच्या आत उरकते. इथे ती जवळजवळ तासभर रेंगाळते, म्हणजे या रागांना जी वेळ हवी ती इथे मायदेशापेक्षा दुपटीने मिळते. आपले अनुभव आणि मते वाचायला आवडतील. विरोधी असली तरी चालतील.

निरभ्र

मग विरोधानेच सुरुवात करतो. मी मानसोपचाराच्या क्षेत्रात काम करतो आणि हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

दर हिवाळ्यात परतणाऱ्या या नैराश्याचे रीतसर वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केले. सामान्य नैराश्यात बहुधा झोप उडते आणि भूक मरते; इथे पुष्कळदा माणूस जास्त झोपतो, गोड आणि पिष्टमय पदार्थ मागतो आणि त्याचे वजन वाढते. शरीराचे घड्याळ मुख्यतः डोळ्यांवाटे येणाऱ्या प्रकाशावर लागते, कानांवाटे येणाऱ्या स्वरांवर नाही. म्हणूनच प्रकाशोपचारात १०,००० लक्सच्या (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसायला सांगतात. कचेरीतला उजेड ५०० लक्सच्या आसपास असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर त्याच्या कितीतरी पट प्रकाश मिळतो. दुपारी खिडकीशी बसून मारवा ऐकणाऱ्याने सकाळी बाहेर एक फेरी मारून येणे जास्त गरजेचे होते.

दुसरे असे की उदास संगीताने सगळ्यांनाच हलके वाटत नाही. तेच तेच विचार उगाळत बसण्याची सवय असलेल्या माणसाला असे संगीत आणखी खोलात नेऊ शकते. ‘दिलासा मिळतो’ हे तुमच्याबाबत खरे असेल, पण सल्ला म्हणून ते सरसकट मांडू नये.

खर्जातला

निरभ्र यांच्या वैद्यकीय मुद्द्यांत मी पडत नाही. माझी हरकत संगीताच्या बाजूने आहे. मारव्याला ‘उदास’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. त्यात बेचैनी आहे, विरक्ती आहे, पण कीव नाही. मात्र खरी गफलत वेळेची आहे. या हिवाळ्यात कठीण जाते ती सकाळ. सात वाजता गजर होतो, बाहेर मिट्ट काळोख असतो आणि अंथरुणातून पाय बाहेर निघत नाही. जो माणूस आकाशवाणीच्या सकाळच्या भक्तिगीतांवर वाढला, त्याच्या शरीराला गाण्यावर उठायची सवय असतेच; तिचा उपयोग करावा. सूर्योदयापूर्वीचा राग ललित इथे आठ वाजता लावला तरी शास्त्राला धरूनच होतो. संध्याकाळच्या रागांची आरास मांडून बसण्यात मला थोडी हौस दिसते, माफ करा.

पळीपंचपात्र (उमेओ)

आपण सगळे ऐकण्याबद्दल बोलत आहात, आणि माझ्या मते तिथेच घोटाळा आहे. हेडफोन लावून घरात बसणे हे हिवाळ्याला शरण जाणेच होय, मग कानात मारवा असो की ललित.

मी स्टॉकहोमपेक्षा पुष्कळ उत्तरेला राहते. आमच्या शहरात २०१२ मध्ये बसथांब्यांवर प्रकाशोपचाराचे दिवे बसवले गेले होते, यावरून इथल्या काळोखाची कल्पना यावी. पण या देशाने अंधारावर शोधलेला जुना उपाय दिव्यांइतकाच गाण्याचा आहे. गल्लोगल्ली गायनवृंद आहेत, आणि १३ डिसेंबरला लुसियाचा दिवस असतो. सभागृहातले सगळे दिवे आधी मालवतात. काही क्षण काहीच दिसत नाही; मग बाहेरच्या बोळातून मुलांचे आवाज येऊ लागतात, हळूहळू जवळ येतात, आणि त्यानंतर दारात डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेली मुलगी दिसते. लहान मुलांच्या मुकुटात आता बहुधा बॅटरीचे दिवे असतात, तरी परिणाम तोच.

मी असल्याच एका वृंदात गाते. स्वीडिश उच्चारांवरून शेजारची बाई अजून कोपराने ढोसते. पण ठरलेल्या संध्याकाळी बर्फ तुडवत जावेच लागते, कारण आपण नसलो तर खालची पट्टी उणी पडते. आपल्याकडच्या भजनी मंडळातही याहून वेगळे काय असते? तिथे कोणी मन हलके करायला म्हणून जात नाही, पाळी असते म्हणून जाते.

दूरदेशी (टोरांटो)

थोडक्यात लिहितो. आमच्याकडे सर्वांत लहान दिवसही जवळजवळ ९ तासांचा असतो, तरी मंडळी डिसेंबरात सुतकी चेहऱ्याने वावरतात. आपल्यापैकी अनेकांची मरगळ उजेडाच्या अभावाची नसून घराच्या ओढीची असते आणि आपण तिला हिवाळ्याच्या नावावर खपवतो. दिवाळी पहाटेची जुनी ध्वनिमुद्रणे रात्री एकट्याने ऐकणे हा त्यावर उपाय नव्हे. त्याने जखमेवर मीठच चोळले जाते. आवडते संगीत असेल तर ते मार्चपर्यंत कपाटात ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सांजवात

सर्वांचे आभार, पण मी माझ्या जागी ठाम आहे.

निरभ्र, ज्याला सकाळी उठून कामावर जाणेही अशक्य झाले आहे त्याने डॉक्टरांकडे जावे, याबद्दल वाद नाही. मी बोलत होतो ते कामधाम नीट चालू असलेल्या पण आतून कोमेजलेल्या माणसांबद्दल, आणि अशांची संख्या इथे मोठी आहे. पळीपंचपात्र, गायनवृंदाचे वर्णन आवडले, परंतु जानेवारीत ज्याच्याकडे बूट चढवण्याचीही उमेद उरत नाही त्याला ‘पाळी आहे, या’ म्हणणे सोपे आहे. ऐकण्यासाठी काहीच करावे लागत नाही, हाच त्या दिवसांत त्याचा मोठा गुण.

दूरदेशी यांचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि म्हणूनच मी गाण्यांऐवजी राग म्हणतो आहे. भावगीताच्या पहिल्या ओळीबरोबर आईचे स्वयंपाकघर, गल्ली, शेजारी सगळे हजर होतात. विलंबित ख्यालात, म्हणजे संथ लयीतल्या रागगायनात, शब्द असून नसल्यासारखे असतात. तो सदाशिव पेठेत नेऊन सोडत नाही. घराची ओढ न चाळवता घरचे काही ऐकायचे असेल तर याहून सोय नाही.

निरभ्र

‘कामधाम चालू’ असणारेही पुष्कळदा आजारीच असतात, हे नोंदवून ठेवतो. तरीही एक व्यवहार्य गोष्ट सुचते. प्रकाशोपचार अर्ध्यावर सोडणारे बरेच जण ‘नुसते बसून कंटाळा येतो’ असे सांगतात. अर्धा तास म्हणजे तुमचा एक विलंबित ख्याल. तेव्हा दिव्यासमोर बसून ललित ऐका. फक्त डोळ्यांचा विकार असेल किंवा द्विध्रुवी (बायपोलर) आजाराचा इतिहास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खर्जातला

१०,००० लक्सच्या झोतात ललित? तो उजाडण्यापूर्वीचा राग आहे. दिवा लावला की तुमच्या शरीराच्या लेखी दिवस वर आला. मग निदान सकाळचा राग बिलावल लावा, आणि उशिरा उठणार असाल तर तोडी.