काळ्या मातीत शोषखड्डे तुंबले, आता काय करावं?

परभणीचा_पाटील:
नमस्कार मंडळी. छोट्या गावचा आहे, यंदा पहिल्यांदाच ग्रामपंचायतीत सदस्य झालो. १४० उंबरा, ७०० माणसं. हापशावरून पाणी आणायचो तेव्हा न्हाणीचं पाणी दारातल्या शेवग्यालाच पुरायचं. आता माणशी ५५ लिटरची नळयोजना आली आणि गल्लीतून बारमाही ओहोळ लागलाय. मारुतीच्या पारापुढं डुकरं लोळतात.

मागच्या उन्हाळ्यात रोजगार हमीतून ३२ शोषखड्डे घेतले. चार फूट लांब, रुंद, खोल. दगड, खडी, वर गोणपाट. पोळ्यापर्यंत चालले. आता साबणाची पांढरट साय धरलीय आणि पाणी उलटं मोरीत येतंय. सरपंच म्हणतात, पाईप टाकून ओढ्यात सोडू. पण ओढ्याला लागूनच खालच्या वस्तीची विहीर आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:
ओढ्यात सोडू नका. भाऊ, उन्हाळ्यात खणलेत ना? तेव्हा काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा असतात, पाणी गपागप जातं. पावसात माती फुगली, भेगा मिटल्या, खेळ संपला. एक खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्या, पाणी ओता आणि किती वेळात जिरतं ते घड्याळ लावून बघा. विहिरीपासून १० मीटरच्या आत मात्र नको.

मुरूम लागत नसेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा. ५५ लिटरपैकी दोन-तृतीयांश सांडपाणी धरलं तरी रोजचं २५ हजार लिटर. ते तळ्यात दहा दिवस थांबवून साफ करायचं तर सव्वा मीटर खोलीला दोन गुंठे जागा लागेल. एकापुढे एक तीन तळी करा. पहिल्यात गाळ बसतो, पुढं ऊन आणि शेवाळ काम करतात. इथं तुमची चिकण माती उलट फायद्याची, तळ्यातलं पाणी खाली जिरू देत नाही. स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात ५ हजारांच्या आतल्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरलेत, म्हणजे तुमचे १ लाख ९६ हजार.

आणि मुख्य विचारायचं राहिलं. कुणाच्या संडासाच्या टाकीचा पाईप गटारात आहे का? असेल तर आधी तो बंद, मग बाकीचं.

नांदेडची_सून:
दादा, आमच्या जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीनं घरोघर शोषखड्डे करून डास घालवले. ते बघून आमच्याकडेही झाले. खड्ड्याच्या मधोमध भोकं पाडलेली सिमेंटची टाकी असते, गाळ तिच्यात बसतो, दगडांत जात नाही. दर दोन महिन्यांनी मी झाकण काढून जुन्या पातेल्यानं उपसते. वास येतो, पण अर्ध्या तासाचं काम. मोरीला जाळी लावा. भाताची शितं आत गेली की खड्डा मेलाच समजा. तुमच्या ३२ पैकी किती जणांनी वर्षभरात झाकण उघडलं?

परभणीचा_पाटील:
ताई, एकानंही नाही.
काका, पाराजवळ खणलं, सात फुटांवर मुरूम लागला. संध्याकाळी भरलेला खड्डा सकाळी कोरडा होता. खालच्या आळीत मात्र नऊ फुटांपर्यंत नुसती काळीच, तिथल्यासाठी गायरानातले दोन गुंठे ग्रामसभेत मागतोय.

काल गटारीच्या कडेनं चालत पाईप मोजले. संडासाचे अकरा निघाले. त्यातला एक आमच्याच घराचा, वडिलांनी टाकलेला. आज सकाळी त्याचं तोंड बुजवलं, आता मागं संडासासाठी दोन खड्डे खणतोय. वडील सकाळपासून बोलत नाहीत.