बेल्जियन माणूस कामगारांनी घडवला, राजाने नाही

रानपाखरू:
बेल्जियमचा विषय निघाला की "तो कृत्रिम देश हो, मोठ्या सत्तांनी आपापल्या सोयीसाठी मधे ठेवलेला, अर्धे डच बोलतात अर्धे फ्रेंच" एवढ्यावर चर्चा संपते. मला हे अजिबात पटत नाही. १८३० ला ब्रसेल्समध्ये ऑपेरा बघून लोक रस्त्यावर आले, डच राजाला घालवलं, दुसऱ्या वर्षी लिओपोल्डला आणून गादीवर बसवलं, हे सगळं झालं, आणि १८३१ ची राज्यघटना त्या काळातल्या युरोपात फार उदार मानली गेली. पण मत कोणाला? ठरावीक कर भरणाऱ्या पुरुषांना, म्हणजे शंभरात जेमतेम एकाला. मग उरलेले नव्याण्णव कशाच्या जोरावर बेल्जियन होते?

इंग्लंडच्या पाठोपाठ कारखानदारी आली ती याच देशात. सेराँला कॉकरिलचा लोखंड-यंत्रांचा कारखाना १८१७ चा, ब्रसेल्स-मेखेलेन रेल्वे १८३५ ची. आणि कामगाराची अवस्था काय, तर त्याच्याकडे एक वही असायची, तिच्यात आधीच्या मालकाची नोंद नसेल तर दुसरीकडे काम मिळायची मारामार, आणि मजुरीवरून वाद कोर्टात गेला तर मालकाचा शब्द खरा धरायचा, हे चक्क नागरी संहितेत लिहिलेलं, कलम १७८१, आणि ते रद्द व्हायला १८८३ साल उजाडलं! दुक्पेतिओ नावाचा तुरुंग खात्याचा अधिकारी १८४० च्या दशकापासून बायका-मुलांच्या मजुरीवर कानीकपाळी ओरडत होता, त्याने १८५५ ला कामगार कुटुंबांचे जमाखर्च छापले, ज्यावरून पुढे एंगलने आपला नियम मांडला (गरीब घराचा जास्त वाटा खाण्यावर जातो तो, अर्थशास्त्रवाल्यांनी परीक्षेत लिहिलेला असेल). पुस्तक जगभर पोचलं, संसदेने मात्र ढिम्म काही केलं नाही.

हलले कधी, तर मार्च १८८६ ला. लिएजमध्ये पॅरिस कम्यूनच्या (१८७१ चं पॅरिसच्या कामगारांचं बंड) स्मृतीची सभा, तिथून दंगल, मग खाणी बंद, आग शार्लरवाच्या खाणी-कारखान्यांच्या पट्ट्यात पोचली, ज्युमेला बोदूचा काचकारखाना जाळला, लष्कर आलं आणि रू गावात गोळीबारात माणसं मेली. मग घाईघाईने श्रम आयोग. १८८७ च्या कायद्याने पगार रोखीत द्यायचा आणि गुत्त्यात किंवा दुकानात वाटायचा नाही असं ठरलं, कारण बऱ्याच ठिकाणी गुत्ता मुकादमाचाच असायचा, पगार घ्यायला गेलेला माणूस प्यायल्याशिवाय बाहेर पडायचा नाही आणि नाही प्यायला तर पुढच्या आठवड्यात काम मिळेल की नाही याची खात्री नाही. १८८९ ला बारा वर्षांखालच्या मुलांना कारखाने आणि खाणी बंद झाल्या. आणि १८९३ ला मताच्या हक्कासाठी सार्वत्रिक संप, त्यात फ्लेमिशही होते (उत्तरेकडच्या फ्लँडर्समधले, डच बोलणारे) आणि वालूनही (दक्षिणेकडच्या वालोनियातले, फ्रेंच बोलणारे). मतदार सुमारे १ लाख ३७ हजारांवरून १३ लाख ७० हजारांवर गेले. माझ्या मते देश म्हणून बेल्जियम तिथे जन्मला.

तिसरी घंटा:
जोरदार असहमत. तुम्ही १८९३ ला जन्म म्हणताय, मी म्हणेन फाळणीची सुरुवात तिथे झाली. तोपर्यंत मतदार म्हणजे पैसेवाला वर्ग, आणि तो फ्लँडर्समधलासुद्धा फ्रेंच बोलणारा, म्हणून भाषेचा प्रश्न झाकला गेला होता. सामान्य फ्लेमिश माणसाला मत मिळालं तसा १८९८ ला डच भाषेला कायद्यात बरोबरीचा दर्जा द्यावा लागला. लोकशाही आली आणि लोकांनी सांगितलं की आम्ही फ्लेमिश आहोत.

आणि त्याआधीची जखम विसरू नका. १८६० साली शार्लरवामध्ये कुके आणि खुथाल्स या दोन फ्लेमिश मजुरांना खुनासाठी फाशी दिली, खटला चालला फ्रेंचमध्ये. ते खरंच दोषी होते का यावर नंतर प्रचंड रान उठलं. फ्लँडर्समधल्या फौजदारी कोर्टात डच वापरायचा कायदा आला १८७३ ला. ज्या देशात आपल्यावरचा आरोपच नीट कळत नाही तो देश त्या मजुराने आपला का म्हणावा?

रानपाखरू:
@तिसरी घंटा, पण मी तेच तर म्हणतेय ना! १८९८ चा कायदा झाला कुठे, बेल्जियमच्याच संसदेत. कोणी वेगळा देश मागितला नाही, याच राज्यात आम्हाला पूर्ण जागा द्या म्हणाले. आणि फ्लेमिश गडी वालोनियाच्या खाणीत गेला कसा ते बघा, सरकारी रेल्वेने १८७० च्या सुमारास कामगारांसाठी स्वस्त आठवडी पास काढले, त्यामुळे पहाटे अंधारात शेतावरचं घर सोडून माणसं खाणीवर जायची, तिथे वालून माणसाच्या खांद्याला खांदा लावून कोळसा फोडायची. ही सरमिसळ कुठल्या घोषणेने झाली नसती.

तिसरी घंटा:
पासचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तो पास होता म्हणूनच तो माणूस रात्री आपल्या गावी, आपल्या भाषेत, आपल्या पाद्रीबुवांच्या देखरेखीत परत येत होता. कॅथलिक पक्षाच्या सरकारांना ते हवंच होतं, माणूस शहरात राहिला की समाजवादी होतो ही भीती. म्हणजे मजूर एकत्र आणि माणसं वेगळी.

कट्टेकरी:
दोघंही राष्ट्र राष्ट्र करताय पण त्या काळात माणूस रोज कशात जगत होता? गेंट या फ्लँडर्समधल्या गिरण्यांच्या शहरात समाजवादी पुढारी आन्सेलच्या लोकांनी १८८० च्या सुमारास व्होराउट ही सहकारी संस्था उभी केली. सुरुवात पावापासून. सभासद तिथून पाव घ्यायचा, नफ्यातला वाटा त्याला तिथल्याच खरेदीत मिळायचा, मग औषधाचं दुकान, कपड्याचं दुकान, वर्तमानपत्र, आजारपणाला मदत. संप झाला तर हीच भट्टी संपकऱ्यांना पाव पुरवणार. दुसरीकडे चर्चवाल्यांनी आपल्या शाळा, आपल्या युनियन, आपले दवाखाने काढले. आणि आल्स्टचे फादर डान्स गिरणी कामगारांची बाजू घेऊन १८९४ ला निवडून आले तर त्यांच्याच कॅथलिक पुढाऱ्यांनी आणि बिशपने त्यांना जेरीस आणलं. त्यामुळे कामगाराची ओळख आधी समाजवादी किंवा कॅथलिक, मग गावाची, बेल्जियन बरीच नंतर. मला तरी हे दोघांपेक्षा खरं वाटतं.

पुस्तकवेडी:
कट्टेकरी +१. आणि १८९३ चा इतका गौरव नको. पंचविशीच्या पुढच्या प्रत्येक पुरुषाला एक मत, ठीक, पण पस्तिशीचा कुटुंबप्रमुख ठरावीक घरपट्टी भरत असेल तर आणखी एक, मालमत्ता असेल तर आणखी एक, पदवी असेल तर दोन जास्तीची, कमाल तीन. म्हणजे खाणकामगाराचं एक आणि वकिलाची तीन. बायकांना शून्य, आणि संसदेच्या निवडणुकीत सगळ्या बायकांना मत मिळायला १९४८ उजाडलं. खाणीत उतरायला चालत होत्या त्या.

तिसरी घंटा:
अगदी. आणि रानपाखरूताई, तुमच्याच कामगार चळवळीतला जूल दस्त्रे, शार्लरवाचा समाजवादी खासदार, त्याने १९१२ ला राजाला जाहीर पत्र लिहिलं की बेल्जियन लोक अस्तित्वातच नाहीत, आहेत ते वालून आणि फ्लेमिश. याचं उत्तर द्या.

रानपाखरू:
देते. ते पत्र आलं कधी ते बघा. जून १९१२ च्या निवडणुकीत समाजवादी आणि लिबरल पक्ष एकत्र लढले तरी हरले, फ्लँडर्सच्या कॅथलिक मतांवर सरकार टिकलं. त्या एकाच पराभवातून दोन रस्ते निघाले, एक दस्त्रेचा, वेगळे होऊ. दुसरा एप्रिल १९१३ चा सार्वत्रिक संप, एक माणूस एक मत मागणारा, त्यात लाखो लोक उतरले, गेंटचे गिरणी कामगार आणि बोरिनाज या वालोनियातल्या कोळसापट्ट्यातले खाणकामगार एकाच मागणीसाठी. लोक कुठल्या रस्त्याने गेले ते दिसतंय. १९१९ ला पुरुषांना समान मत मिळालं, आणि तोच दस्त्रे त्यानंतर बेल्जियमचा मंत्री होता.

तिसरी घंटा:
मंत्रिपद घेतलं म्हणजे पत्र खोटं ठरत नाही. समान मत मिळाल्यावर फ्लेमिश मतदारांनी लगेच काय मागितलं, तर गेंटचं विद्यापीठ डचमध्ये, ते झालं १९३० ला. संपात एकत्र होते ते मतासाठी, आणि मत हातात आलं की प्रत्येकाने ते आपल्या भाषेसाठी वापरलं. तुम्ही संपाचे दिवस मोजताय, मी त्यानंतरचे कायदे मोजतोय.