पूल चांगला खेळणाऱ्याला शूटिंग लवकर जमतं का?

कोपरा_पॉकेट: बरीच वर्षं पूल (टेबलावर काठीने बॉल पॉकेटमध्ये पाडायचा खेळ) खेळतोय, लांबचे सरळ शॉट बऱ्यापैकी पडतात. आता १० मीटर शूटिंग, म्हणजे एअरगनने १० मीटरवरच्या टार्गेटवर नेमबाजी, शिकायचं डोक्यात आहे. मित्र म्हणतो तुझा नेम तयारच आहे, तुला काय शिकायचंय. असं खरंच असतं का? आणि रायफल घेऊ की पिस्तूल?

छर्रेवाला: मित्राला एकदा रेंजवर घेऊन ये 😄 पूलमध्ये चूक खपते रे. बॉल सत्तावन्न मिमीचा आणि कोपऱ्यातलं पॉकेट जवळजवळ दुप्पट रुंद, थोडा इकडेतिकडे गेला तरी पडतो. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, छर्रा साडेचार मिमीचा म्हणून ठिपक्याला चाटून गेला तरी दहा मिळतात एवढीच काय ती सूट. आणि मॅचमध्ये असे ६० शॉट मारायचे.

खरी गोची ट्रिगरची होणार बघ. पूलमध्ये "आता" म्हटलं की हात सुटतो, तीच सवय इथे नडते. रायफल कधीच पूर्ण स्थिर राहत नाही, नेम सारखा हलतच असतो, मग नवीन माणूस काय करतो तर तो मध्यावर आला रे आला की खटकन ट्रिगर ओढतो आणि त्या झटक्यानेच शॉट बाहेर जातो. बोट हळूहळू दाबत राहायचं, तेवढं हलणं चालवून घ्यायचं. हे पूलवाल्यांना पटायला वेळ लागतो.

शांत_श्वास: वरचं बरोबर आहे पण एक गोष्ट नक्की कामाला येते, आणि ती नेमाची नाहीये. चांगला पूलवाला शॉटवर वाकल्यावर काही खटकलं की उभा राहतो, परत पहिल्यापासून सुरू करतो. शूटिंगमध्ये हेच, नेम धरून फार वेळ झाला, श्वास कोंडायला लागला, नजर धूसर व्हायला लागली की शॉट न मारता रायफल खाली घ्यायची. नवीन पोरांना हे सांगून सांगून घसा बसतो, एवढा वेळ धरलीये तर मारूनच टाकू म्हणतात. तुला ती सवय असेल तर अर्धी डोकेदुखी वाचली.

बाकी मारल्यानंतर लगेच मान वर करून बॉल कुठे गेला बघत नाहीस ना? इथे पण छर्रा नळीतून बाहेर पडून गेल्यावरसुद्धा क्षणभर तसंच राहायचं.

कोपरा_पॉकेट: उठायची सवय आहे, मान वर करायची पण आहे 🙈 डोळ्यांचं काय? क्यू (पूलची काठी) मी उजव्या डोळ्याखाली धरतो.

छर्रेवाला: मग तुझा मुख्य डोळा, म्हणजे नेम धरताना आपोआप पुढाकार घेतो तो, उजवा असणार, पण एकदा तपासून घे, उजव्या हाताच्या माणसाचा मुख्य डोळा डावा निघाला की रायफलवर त्रास होतो, डाव्या डोळ्यापुढे छोटी पट्टी लावावी लागते.

रायफल की पिस्तूल म्हणशील तर तुझ्यासाठी आधी रायफल. पिस्तूल एकाच हाताने, हात लांब करून, कशाचाही टेकू नाही. आणि नजर पुढच्या साइटवर (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) ठेवायची, टार्गेट धूसरच दिसलं पाहिजे. तू शेवटची नजर मारायच्या बॉलवर ठेवणारा माणूस, पहिले काही आठवडे टार्गेटकडेच बघत बसशील.

शांत_श्वास: आणि स्वतःची रायफल लगेच घेऊ नको, आधी रेंजवरची वापरून बघ.