टर्मिनल उजवीकडे जाऊन बसलंय, साइडबारची अक्षरं बारीक, कॉमेंट दिसत नाहीत... व्हीएस कोड नीट कसा लावू?

कोरी_ओळ
नमस्कार मंडळी, गेले चार दिवस एडिटर लावण्यातच चाललेत आणि काम तसंच पडून आहे म्हणून शेवटी इथे विचारतेय. व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर) वापरते, विंडोजवर.

१) परवा माउसने काहीतरी ओढलं गेलं आणि तेव्हापासून टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) खाली उघडायच्या ऐवजी उजव्या बाजूला उभ्या पट्टीत उघडतंय, एक ओळ तीन ओळींत तुटते, एररचा मेसेज वाचताच येत नाही. गंमत म्हणजे एका प्रोजेक्टमध्ये प्रॉब्लेम्स आणि आउटपुट हे टॅब पण उजवीकडे गेलेत, बाकीच्या प्रोजेक्टमध्ये ते दोन्ही खालीच आहेत पण टर्मिनल मात्र सगळीकडे उजवीकडे. हे असं का ते कळत नाहीये.

२) डावीकडच्या फाइलच्या यादीतली अक्षरं मला फार बारीक वाटतात. कोडचा फॉन्ट वाढवला तरी ती वाढत नाहीत. म्हणून एक एक्स्टेन्शन टाकलं जे आपली स्वतःची सीएसएस (रंग, अक्षरं वगैरे ठरवणारा कोड) एडिटरमध्ये घुसवतं. अक्षरं मोठी झाली पण आता उघडताना इन्स्टॉलेशन खराब झालंय असा मेसेज येतो, वर टायटलमध्ये 'अनसपोर्टेड' असं लिहून येतं, आणि काल अपडेट आल्यावर अक्षरं परत बारीक.

३) डार्क थीम आवडते पण कॉमेंट (कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपा) इतक्या फिकट की त्या वाचायला स्क्रीनजवळ वाकावं लागतं. थीम बदलायची नाहीये, बाकीचे रंग छान आहेत.

सगळं काढून परत टाकू का? की काही सरळ मार्ग आहे?

रात्रपाळी
काढू नका काही. व्ह्यू मेनू, त्यात अपिअरन्स, त्यात पॅनल पोझिशन, तिथे बॉटम निवडा. आणि एका प्रोजेक्टमध्ये वेगळं दिसतंय कारण पॅनल कुठे आहे हे व्हीएस कोड प्रत्येक प्रोजेक्टसाठी वेगळं लक्षात ठेवतो, त्यामुळे ज्यात बिघडलंय त्यातच जाऊन करा. नवीन उघडणाऱ्या प्रोजेक्टसाठी सेटिंगमध्ये 'पॅनल डिफॉल्ट लोकेशन' शोधून बॉटम करून टाका.

कोरी_ओळ
केलं, धन्यवाद. प्रॉब्लेम्स आणि आउटपुट खाली आले, पण टर्मिनल अजून उजवीकडेच आहे :(

अर्धविराम
रात्रपाळींनी सांगितलं ते बरोबरच आहे पण तुमच्याकडे एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात, आणि त्याचा पुरावा तुमच्याच प्रश्नात आहे.

पॅनल म्हणजे डबा समजा, आणि टर्मिनल, आउटपुट, प्रॉब्लेम्स, डीबग कन्सोल हे त्यातले कप्पे. डबा उचलून खाली, वर, डावीकडे, उजवीकडे ठेवता येतो आणि तो कुठे ठेवलाय हे प्रोजेक्टप्रमाणे लक्षात राहतं. पण कप्पा स्वतःच डब्यातून काढून दुसरीकडे नेता येतो, आणि तो कुठे नेलाय हे सगळ्या प्रोजेक्टना मिळून एकच असतं. तुम्ही एका प्रोजेक्टमध्ये डबा उजवीकडे नेला आणि त्याशिवाय टर्मिनलचा टॅब पकडून तो दुसऱ्या साइडबारमध्ये टाकला. म्हणून टर्मिनल सगळीकडे उजवीकडे आणि बाकीचे दोघं एकाच ठिकाणी.

उजवीकडे जी उभी पट्टी दिसतेय ती पॅनल नाहीच, तो सेकंडरी साइडबार आहे. खात्री करायची तर कंट्रोल-ऑल्ट-बी दाबून बघा, टर्मिनलसकट ती पट्टी गायब झाली तर तोच. मग परत आणा, टर्मिनलच्या नावावर राइट क्लिक करा आणि रिसेट लोकेशन करा. तो सरळ खालच्या डब्यात जाईल.

कमांड पॅलेटमध्ये (कंट्रोल-शिफ्ट-पी) 'रिसेट व्ह्यू लोकेशन्स' अशी पण कमांड आहे, पण ती सगळेच कप्पे मूळ जागी नेते. मी एकदा घाईत ती चालवली आणि आउटलाइन, टाइमलाइन वगैरे मी मुद्दाम उजवीकडे लावलेलं होतं ते सगळं परत डावीकडे एकावर एक जाऊन बसलं. एकच चीज हललीय तर एकच परत न्या.

आणि लांब ओळींचा त्रास होत असेल तर अजून एक सांगतो, टर्मिनल एडिटरच्या जागेत टॅब म्हणून पण उघडता येतं, 'मूव्ह टर्मिनल इनटू एडिटर एरिया' शोधा. मोठे लॉग वाचताना मी हेच करतो, पूर्ण रुंदी मिळते. खालीच ठेवायचं असेल तर पॅनल अलाइनमेंट जस्टिफाय करा म्हणजे ते साइडबारच्या खालूनही पूर्ण पसरतं.

कोरी_ओळ
आलं!! खाली आलं. डबा आणि कप्पा हे डोक्यात बसलं आता, मी दोन्हीला पॅनलच म्हणत होते.

सेमीकोलनवाला
दुसऱ्या मुद्द्याबद्दल, हे मी स्वतः वर्षभर केलंय म्हणून कळकळीने सांगतो, ते सीएसएस घुसवणारं एक्स्टेन्शन काढा. तुम्ही सेटिंग बदलत नाही आहात, ते एक्स्टेन्शन व्हीएस कोडच्या स्वतःच्या फाइलमध्ये लिहितंय. एडिटर सुरू होताना आपल्या फाइल बदलल्यात का ते चेकसम (फाइलवरून काढलेला पडताळणीचा आकडा) लावून तपासतो, म्हणून तो मेसेज आणि ते 'अनसपोर्टेड'. अपडेट आलं की त्या फाइल नव्या येतात म्हणून तुमची अक्षरं परत बारीक होतात. मेसेज लपवता येतो पण मग एखाद्या दिवशी खरंच फाइल खराब झाली तर ते कळायची सोय तुम्ही स्वतःच बंद केलेली असते. शिवाय अशा एक्स्टेन्शनला प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी द्यावी लागते, ही परवानगी रंगरंगोटीसाठी देणं मला अजिबात पटत नाही.

काढताना क्रम पाळा. आधी त्या एक्स्टेन्शनची स्वतःची बंद करायची कमांड असेल तर ती चालवा म्हणजे ते मूळ फाइल परत ठेवतं, मग ते अनइन्स्टॉल करा, आणि तरी मेसेज येत राहिला तर व्हीएस कोड त्यावरच परत इन्स्टॉल करा. तुमची सेटिंग आणि एक्स्टेन्शन युजरच्या फोल्डरमध्ये वेगळी असतात, ती जात नाहीत, घाबरू नका.

आता अक्षरं मोठी करायचा सरळ उपाय. 'विंडो झूम लेव्हल' नावाची सेटिंग आहे, ती पूर्ण खिडकीच मोठी करते, साइडबार, मेनू, टॅब, सगळं. शून्याची एक केली की २० टक्के वाढ. मग कोड पण मोठा होतो, तर कोडचा फॉन्ट तेवढा उतरवायचा. विंडोजवर एडिटरचा फॉन्ट मुळात १४ असतो, तो १२ केला की झूमसकट १४.४ होतो, म्हणजे कोड होता तसाच आणि साइडबार मोठा. टर्मिनलच्या फॉन्टची सेटिंग वेगळी आहे, तिथे पण हेच करा. एक जास्त वाटलं तर झूम ०.५ पण चालतो, साधारण साडेनऊ टक्के वाढ मिळते.

आणि यादीत फोल्डरच्या आत फोल्डर गेलं की ओळी नीट कळत नाहीत अशी तक्रार असेल तर 'ट्री इन्डेन्ट' ८ वरून १६ करून बघा, कधीकधी अक्षरं बारीक नसतात, सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं म्हणून तसं वाटतं.

टोकन_दादा
कॉमेंटचं मी सांगतो. थीम तशीच ठेवून फक्त कॉमेंटचा रंग बदलता येतो, आणि फक्त त्याच थीमपुरता.

सेटिंग्जची जेसन फाइल (सेटिंग्ज मजकूर म्हणून लिहिलेली फाइल) उघडा, त्यात एडिटरच्या नावाखाली 'टोकन कलर कस्टमायझेशन्स' नावाचा ऑब्जेक्ट (महिरपी कंसातला गट) टाका, त्याच्या आत चौकोनी कंसात थीमचं नाव अगदी जसंच्या तसं, त्याच्या आत 'कॉमेंट्स' आणि समोर रंग. टाइप करायला लागलात की एडिटर स्वतःच नावं सुचवतो. चौकोनी कंसातलं थीमचं नाव वगळलंत तर तोच रंग सगळ्या थीमना लागतो आणि मग दिवसा लाइट थीमवर गेलात की पांढऱ्यावर करड्या कॉमेंट, परत तोच त्रास.

रंग कुठला घ्यायचा ते अंदाजाने नका ठरवू. कर्सर कॉमेंटवर ठेवा आणि कमांड पॅलेटमधून 'इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स' चालवा, जो चौकोन उघडतो त्यात अक्षराचा रंग, मागचा रंग आणि दोघांमधला कॉन्ट्रास्ट रेशो (दोन रंगांतला उजेडाचा फरक सांगणारा आकडा) लिहिलेला असतो. वेबसाठीच्या ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ लागतो, तोच आकडा इथे धरायला हरकत नाही. उदाहरण देतो, डार्क प्लस थीमच्या मागच्या रंगावर हॅशपुढे सहा वेळा ६ असा करडा घेतला तर रेशो २.९ च्या आसपास येतो, म्हणजे वाकूनच वाचावं लागणार. सहा वेळा ९ घेतला तर ५.८ च्या पुढे जातो. तरीही तो कोडपेक्षा मागेच राहतो, म्हणजे कॉमेंट डोळ्यात घुसत पण नाहीत.

पुष्कळ थीम बनवणारे कॉमेंट मुद्दाम पुसट ठेवतात, जणू ती वाचायची गोष्टच नाही. मला हे चुकीचं वाटतं. हा कोड असा का लिहिलाय हे बहुतेक वेळा कॉमेंटमध्येच असतं.

निळं_नारिंगी
रंगांचा विषय निघालाच आहे तर माझं पण लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. डिफ (कोडच्या जुन्या-नव्या रूपातला फरक) बघताना काढलेली ओळ कुठली आणि घातलेली कुठली हे मी कितीतरी वर्षं फक्त जागेवरून ओळखत होतो, डावीकडे जुनं उजवीकडे नवीन, आणि एकाखाली एक असा डिफ आला की अडकायचो. रिव्ह्यूमध्ये (दुसऱ्याचा कोड तपासताना) एकदा काढलेलं फंक्शन नवीन घातलंय समजून त्यावर भलीमोठी कॉमेंट केली, तेव्हा ठरवलं की आता हे सोडवायचंच.

'वर्कबेंच कलर कस्टमायझेशन्स' मध्ये डिफ एडिटरच्या इन्सर्टेड आणि रिमूव्हड टेक्स्टच्या बॅकग्राउंडचे रंग बदलता येतात. मी घातलेल्याला निळा आणि काढलेल्याला नारिंगी ठेवलाय. दोन्ही रंग पारदर्शक ठेवायचे, म्हणजे हॅशच्या पुढे सहाच्या ऐवजी आठ अक्षरं लिहायची, शेवटची दोन पारदर्शकतेची, नाहीतर त्याच्या खालचं सिलेक्शन वगैरे झाकलं जातं. मग ओळीच्या आकड्यांशेजारी जी बारीक उभी रेघ येते तिचे रंग एडिटर गटरच्या नावाखाली आहेत आणि फाइलच्या यादीतले गिट डेकोरेशनच्या नावाखाली (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन), ते पण त्याच जोडीने बदला. पहिल्या दिवशी हे लावलं तेव्हा मी नुसते जुने डिफ उघडून बघत बसलो होतो, इतकं सरळ दिसत होतं.

रात्रपाळी
@निळं_नारिंगी हे माझ्या टीममधल्या एकाला आजच पाठवतो. तो पण जागेवरूनच ओळखतो असं म्हणाला होता.

कोरी_ओळ, हात लावलाच आहे तर जागा पण मोकळी करून घ्या. मी मिनिमॅप (कोडच्या कडेला दिसणारा पूर्ण फाइलचा छोटा नकाशा) बंद केलाय, ॲक्टिव्हिटी बार (कडेची आयकॉनची पट्टी) वरती नेलाय (लोकेशन टॉप), साइडबार उजवीकडे घेतलाय. साइडबार उजवीकडे असला की कंट्रोल-बी ने उघडबंद करताना कोड डावीउजवीकडे उड्या मारत नाही, डोळे जिथे होते तिथेच राहतात.

अर्धविराम
साइडबार उजवीकडे हे मला पण पटतं. पण मिनिमॅप सरसकट बंद करा असं मी नाही म्हणणार, दोन हजार ओळींची जुनी फाइल असेल तर सर्चचे निकाल आणि एरर कुठे कुठे आहेत हे त्यात एका नजरेत दिसतं. माझा नियम एवढाच, जे लपवाल ते परत आणायचा शॉर्टकट आधी पाठ करा. पॅनल कंट्रोल-जे, साइडबार कंट्रोल-बी, झेन मोड (कोड सोडून बाकी सगळं लपवणारा) कंट्रोल-के मग झेड आणि त्यातून बाहेर यायला एस्केप दोनदा. माझ्या हाताखालच्या एकाने मेनू बारच लपवला होता आणि तो परत कसा आणायचा हे शोधायला मेनू बार हवा होता, ऑल्ट दाबल्यावर येतो हे त्याला माहीत नव्हतं, अर्धा दिवस गेला बिचाऱ्याचा.

सेमीकोलनवाला
मी कामाला जेटब्रेन्स कंपनीचा एडिटर वापरतो, तिथे यावर चांगला उपाय आहे, कंट्रोल-शिफ्ट-एफ१२ दाबलं की सगळ्या टूल विंडो एका झटक्यात लपतात, परत दाबलं की परत येतात. आणि बिघडलं की शिफ्ट-एफ१२ ने सेव्ह केलेला लेआउट परत. व्हीएस कोडमध्ये त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे प्रोफाइल (सेटिंगचा वेगळा संच). मी दोन ठेवलेत, एक रोजचं आणि एक स्क्रीन शेअर करायचं, ज्यात फॉन्ट मोठा, लाइट थीम, फालतू काही नाही. मीटिंगमध्ये समोरच्याला दिसत नाही म्हणून चालू बोलण्यात झूम करत बसावं लागत नाही.

कोरी_ओळ
सगळ्यांचे मनापासून आभार. ते एक्स्टेन्शन काढलं, वरून परत इन्स्टॉल केलं, मेसेज गेला. झूम १ आणि फॉन्ट १२ एकदम बरोबर बसलं. कॉमेंटचा रेशो तपासला तर आधी ३ च्या पण खाली होता, आता ५.८ आहे आणि मी खुर्चीला टेकून वाचतेय.

एक शेवटचं, कामाचा आणि टेस्टचा असे एकाच कोडचे दोन फोल्डर माझ्याकडे कायम उघडे असतात आणि चुकून भलत्यातच बदल होतात. एकाचा रंग वेगळा करता येईल का?

टोकन_दादा
येईल. त्या फोल्डरमध्ये युजर सेटिंगच्या ऐवजी वर्कस्पेस सेटिंग (फक्त त्या फोल्डरपुरती) उघडा आणि तिथे कलर कस्टमायझेशन्स मध्ये स्टेटस बारचा (अगदी खालच्या पट्टीचा) बॅकग्राउंड गडद लाल वगैरे करा. डीबग (चुका शोधायला कोड चालवणं) चालू असताना स्टेटस बार वेगळा रंग घेतो, त्याची नोंद वेगळी आहे, डीबगिंग बॅकग्राउंड, ती पण भरा नाहीतर नेमका तेव्हाच रंग जाईल. फक्त एक बघा, हे त्या फोल्डरमधल्या डॉट व्हीएसकोड नावाच्या फोल्डरमध्ये लिहिलं जातं, आणि तो गिटमध्ये जात असेल तर कमिट (बदल गिटमध्ये नोंदवणं) करू नका, नाहीतर उद्या सगळ्या टीमचा स्टेटस बार लाल होईल.