प्रतिसाद: वर्गमुळातून एक्स का सुटत नाही

भाऊ, एक्सच्या वर्गाचं वर्गमूळ सिम्पाय (पायथॉनमधली बीजगणित करणारी लायब्ररी) नुसतं एक्स देत नाही, म्हणून ते चुकतंय असं तुम्ही वर लिहिलंय. चुकत नाही! उणे ३ चा वर्ग ९, त्याचं वर्गमूळ मात्र ३, उणे ३ नाही. एक्स हा चल (व्हेरिएबल) घेतानाच तो धन आहे असं सांगा, लगेच एक्स मिळेल.

शिकायला मला मॅक्झिमा हे असंच बीजगणित करणारं दुसरं सॉफ्टवेअर जास्त आवडतं. एक्सचा एनवा घात इंटिग्रेट करायला दिला की ते आधी विचारतं, एन उणे १ आहे का? (तिथेच उत्तरात लॉगरिदम येतो.) १९९८ मध्ये ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या लायसन्सखाली खुलं करायला परवानगी मिळाली, त्यामुळे लायसन्सचा खर्च नाही. शहाद्याला नेट गेलं तरी चालेल.

पुढच्या वेळी स्क्रीनच्या फोटोऐवजी टाईप केलेली पूर्ण कमांड टाका, इथेच चालवून बघतो.