चिंताविकारात ‘दोन औषधांची एक गोळी’: सोय की अडकवणूक?

खलबत्ता (धागाकर्ता)
अँक्झायटीच्या चिठ्ठ्यांवर एक जोडी सारखी दिसते. एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, दोन्ही एकाच गोळीत. रात्री जेवणानंतर एक, महिन्याने दाखवा. माझं म्हणणं, पहिली चिठ्ठी म्हणून ही गोळी देऊच नये.

दोन्ही औषधांची चालच वेगळी आहे. एस्सिटालोप्रामचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही ते निदान सहा महिने चालू ठेवावं लागतं. क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, पण दोन-चार आठवड्यांत बंद झालं नाही तर सवय लागते. एक लांब पल्ल्याचं, दुसरं चार दिवसांचं, आणि दोन्ही एकात कोंबलेली. क्लोनाझेपाम तेवढं कमी करायचं कसं? गोळी मोडली की दोन्ही अर्धी होतात.

पुढचं ठरलेलं. पहिल्याच रात्री झोप लागते, त्याचं श्रेय ‘गोळीला’ जातं. तीन महिन्यांनी बरं वाटतंय म्हणून माणूस ती परस्पर बंद करतो. काही दिवसांत झोप उडते, छाती धडधडते, हात कापतात. यात औषध तुटल्याचाही भाग असतो, पण घरचे म्हणतात आजार उलटला. पुन्हा तीच गोळी सुरू!

निवांत_पाटील
असहमत. कागदावर बरोबर, ओपीडीत नाही.

एस्सिटालोप्रामच्या पहिल्या आठ-दहा दिवसांत काहींची बेचैनी उलट वाढते, मळमळतं. पॅनिकचा, म्हणजे अचानक जबर भीतीचे झटके येणारा रुग्ण आधीच छातीवर हात ठेवून बसलेला असतो. अंगावर आधाराचं औषध नसेल तर तिसऱ्या दिवशी तो स्ट्रिप फेकतो आणि पुन्हा फिरकत नाही. दोन वेगळ्या स्ट्रिप दिल्या तर लगेच बरं वाटणारी तेवढी खातो आणि खरं औषध राहतं डब्यात. एसटीने तालुक्याला येणाऱ्याला एक गोळी लक्षात राहते. ती घेतली तरी जातेय ना?

खलबत्ता
आधार द्या की, पण सुटा द्या. पहिला आठवडा एस्सिटालोप्राम ५ मिलिग्रॅम, सकाळी खाऊन, मग १०. सोबत क्लोनाझेपाम ०.२५ च्या मोजून चौदा गोळ्या. चौदा संपल्या की विषय संपला. ‘पहिला आठवडा जड जाईल, मग उतरेल’ हे चिठ्ठी देतानाच सांगायचं. बेचैनी वाढते ती बहुतेकदा थेट १० ने सुरुवात केल्यामुळे. जनरलाइज्ड अँक्झायटीत (सतत कसली ना कसली चिंता) क्लोनाझेपामसारखी औषधं अडचणीच्या काळात थोडे दिवसच द्यावीत, असं ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०११ ची मार्गदर्शिकाही सांगते.

मोरपंखी
दोघेही गोळीतच अडकलात. पॅनिकमध्ये सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी) गोळ्यांच्या तोडीस तोड चालते, आणि या थेरपीत क्लोनाझेपाम नुसतं निरुपयोगी नाही, आडवं येतं.

पॅनिकचं चक्र असं: छातीत धडधड, ‘हार्ट अटॅक आला’ हा अर्थ, त्या भीतीने आणखी धडधड. झटका साधारण दहा मिनिटांत कळसाला जातो आणि मग आपोआप उतरतो. पण माणूस तोवर थांबतच नाही; रिक्षा करून ईसीजी काढायला पळतो. म्हणून थेरपीत ती लक्षणं मुद्दाम आणतात. बारीक स्ट्रॉमधून मिनिटभर श्वास, फिरत्या खुर्चीत गरगर फिरणं, जागच्या जागी धावणं. चक्कर आली, धडधडलं, तरी नाडी बघायची नाही, पाणी प्यायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. काही न करता ते उतरतं, हे शरीराला कळायला हवं. खिशात ‘असू दे’ म्हणून ठेवलेली क्लोनाझेपामची गोळी हेच शिकू देत नाही. न घेताही वाचल्याचं श्रेय तिलाच जातं!

एकूण १२ ते १६ सत्रं, आठवड्याला एक. समोरचा नुसता धीर देतोय, दर वेळी आठवडा कसा गेला एवढंच विचारतोय आणि घरी करायला काही देत नाही, तर ती सीबीटी नव्हे. पाटीवर ‘समुपदेशक’ कुणीही लिहितं; क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक विचारावा.

गव्हांकुर
एवढा खटाटोप कशाला? रोज सकाळी कपालभाती, भस्त्रिका. गोळी नको नि फी नको.

मोरपंखी
@गव्हांकुर, झटक्याच्या वेळी तर मुळीच नको. भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. घाबरलेला माणूस ते आधीच करत असतो. श्वास सोडणं लांबवा, तेवढं चालेल. आणि धडधड, घाम, वजन उतरणं असेल तर आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करा. थायरॉइड वाढलेला असेल तर कुठलाच प्राणायाम कामाचा नाही.

निवांत_पाटील
@मोरपंखी, सोळा सत्रं घेणार कुठे? राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शहरात. आठवड्याला एक रोज बुडवून चार महिने यायचं? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विम्यात शारीरिक आजारांसारखीच वागणूक सांगितली, पण बहुतेक पॉलिसींत ओपीडीच नसते. मग सत्राची फी खिशातूनच. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत. पण तिथे बोलणं होतं, पुढे कुठे जायचं ते कळतं. स्ट्रॉ देऊन सोळा आठवडे कुणी पाठपुरावा करत नाही.

आडवाटेने
ज्यांची ही गोळी वर्षभर चालू आहे त्यांनी काय करायचं? शेजारच्या आजी घेतात, वय ७२.

खलबत्ता
आज वाचून उद्या बंद करू नका. बराच काळ घेतलेलं क्लोनाझेपाम एकदम तोडलं तर फिट येऊ शकते. डॉक्टरांकडून आधी त्याच मात्रेच्या दोन सुट्या गोळ्या करून घ्या. मग एस्सिटालोप्रामला हात न लावता क्लोनाझेपाम पायरीपायरीने: ०.५, ०.३७५, ०.२५, ०.१२५, बंद. प्रत्येक पायरीवर दोन ते चार आठवडे, ०.२५ ची गोळी मिळते, तिच्या अर्ध्यावर शेवटची पायरी होते. झोप बिघडली तर तिथेच थांबायचं, मागे जायची घाई नाही. आजींच्या बाबतीत जास्त काळजी, कारण रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊन खुबा मोडतो. रक्तातलं सोडियमही तपासून घ्या; उतारवयात एस्सिटालोप्रामने ते उतरू शकतं.

निवांत_पाटील
सुट्या गोळ्या करून घ्या, इथे माझं काही म्हणणं नाही. पण तुमची चौदा गोळ्यांची योजना रुग्ण पंधराव्या दिवशी परत येईल यावर उभी आहे. तो येत नाही. मग ना क्लोनाझेपाम, ना एस्सिटालोप्राम.

मोरपंखी
मग दहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन करा. ‘मळमळ आहे का, गोळी चालू आहे ना’ एवढं विचारायला कंपाउंडरला दोन मिनिटं पुरतात. शुगरच्या रुग्णांना करताच ना?

निवांत_पाटील
शुगरवाला फोन उचलतो. हा म्हणतो ‘राँग नंबर’, कारण घरात कुणाला सांगितलेलंच नसतं.