हिक्सनबाई आधीही तिथेच होत्या

अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्यांतली हौशी गुप्तहेर म्हातारी मिस मार्पल पडद्यावर कुणी चांगली केली, यावर ‘मिस मार्पल म्हणजे जोन हिक्सनच, मार्गारेट रदरफोर्डचा नुसता धुडगूस’ असं एक मत आहे; ते बरंचसं पटतं. रदरफोर्डच्या १९६१च्या ‘मर्डर शी सेड’ या सिनेमात मूळ कादंबरीतली आगगाडीतला खून पाहणारी मैत्रीण आणि घरकामाला राहून प्रेत शोधणारी ल्यूसी, दोघींना कात्री लावून सगळी कामं मार्पललाच दिलीत. (करमणूक होते, नाही म्हणत नाही!)

पण त्याच सिनेमात घरकामाला येणाऱ्या मिसेस किडर नीट बघा, त्या हिक्सनबाईच आहेत. १९८७ साली बीबीसीने हीच कादंबरी केली तेव्हा त्यात मार्पल त्याच होत्या. ख्रिस्तीने तर १९४०च्या दशकातच त्यांचं नाटकातलं काम पाहून, पुढेमागे तुम्ही माझी मार्पल करावी, असं कळवलं होतं. प्रत्यक्षात भूमिका मिळाली ती पंचाहत्तरी उलटल्यावर.